मका आत्ताच भरावा की आयातीची वाट पाहावी?

तुमचा प्रश्न मला असा समजला. भोकरदन तालुक्यात तुमचे अंड्यांच्या पाच हजार कोंबड्यांचे शेड आहे, घरचा थोडा मकाही आहे आणि आजवर तुम्ही तयार खाद्य विकत घेत आला आहात. खाद्याचे बिल वाढत चालल्यामुळे कच्चा माल घेऊन स्वतः खाद्य तयार करावे, असा विचार आहे. त्यात मोंढ्यातला व्यापारी सांगतो की परदेशी मका येणार आहे, थांबा, भाव पडतील. ओळखीचे पोल्ट्रीवाले म्हणतात की इथेनॉलवाले (पेट्रोलात मिसळायचे इथेनॉल बनवणारे कारखाने) सगळा मका उचलणार आहेत, वर्षभराचा आत्ताच भरून ठेवा. आणि वडिलांचे म्हणणे आहे की घरच्या ज्वारी-बाजरीवर कोंबड्या पोसाव्यात, मक्याच्या नादी लागूच नये. या तिघांपैकी कोणाचे ऐकावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी मराठवाड्यातल्या लेयर (अंड्यांच्या) आणि ब्रॉयलर (मांसाच्या) कोंबड्यांच्या शेडना खाद्याची सूत्रे बसवून देण्याचे काम करतो. माझ्या मते या तिघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे, पण तिघेही धान्य कुठून येणार याबद्दल बोलत आहेत आणि तुमची अडचण वेगळी आहे. एका अंड्यामागे खाद्याचा किती खर्च बसतो आणि त्यातला किती भाग तुमच्या हातात आहे, हे तुम्हाला ठरवायचे आहे. म्हणून आधी हिशेब मांडू. चालू अंड्यांवरची कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते, म्हणजे पाच हजार कोंबड्यांना रोज साडेपाच क्विंटल आणि महिन्याला साडेसोळा टन खाद्य लागते. उत्पादन ८५ टक्के धरले तर रोज ४,२५० अंडी मिळतात, म्हणजे एका अंड्यामागे सुमारे १३० ग्रॅम खाद्य जाते. खाद्य किलोला एक रुपयाने महागले की अंड्यामागे १३ पैसे वाढतात. खाद्यात मका ५५ ते ६० टक्के असतो, त्यामुळे मक्याचा भाव क्विंटलला २०० रुपयांनी वाढला तर अंड्याचा खर्च १५ पैशांनी वाढतो. हा आकडा लहान वाटतो, पण तुमच्या शेडला तो महिन्याला जवळपास एकोणीस हजार रुपये पडतो. यापुढे कोणी मक्याच्या भावाची बातमी सांगितली की ती आधी अंड्यामागच्या पैशात मोजा आणि मग ठरवा.

एक खुलासा इथेच करतो, कारण हे उत्तर इतरही वाचतील. कंपनीशी करार करून ब्रॉयलर वाढवणाऱ्या शेतकऱ्याला पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनी देते व त्याला किलोमागे वाढवणावळ मिळते. त्याला मक्याच्या भावाची झळ थेट बसत नाही, त्यामुळे पुढचे विवेचन त्याच्यासाठी नाही.

आता आयातीबद्दल. भारतात जनुकीय बदल केलेल्या (जीएम) मक्याच्या आयातीला परवानगी नाही आणि अमेरिका, ब्राझील, अर्जेंटिना या मोठ्या निर्यातदारांचा बहुतेक मका त्याच प्रकारचा असतो. जो बिगर-जीएम मका येऊ शकतो त्यावर एरवी ५० टक्के आयातशुल्क आहे. सरकार अधूनमधून ठरावीक कोट्यापुरती सवलत देते: २०२० मध्ये १५ टक्के शुल्काने पाच लाख टनांची मुभा दिली होती, २०२४ मध्येही जवळपास तेवढ्याच मक्याला ठरावीक संस्थांमार्फत सवलत दिली. देशात मक्याचे उत्पादन सुमारे चार कोटी टन होते. पाच लाख टन म्हणजे त्याच्या सव्वा टक्का. बंदरावर उतरलेला तो माल किनाऱ्याजवळच्या मोठ्या कारखान्यांच्या सोयीचा असतो; न्हावा शेवाहून भोकरदनपर्यंतचे भाडे धरले की तुमच्या शिवारातल्या मक्यापेक्षा तो स्वस्त पडणे अवघड आहे. इतकी वर्षे हे काम करताना आपल्या भागातल्या लहान शेडच्या गोदामात परदेशी मक्याचे पोते मी पाहिलेले नाही.

आयातीचा परिणाम होतो तो भावावर, आणि तोही बहुधा माल येण्याआधी नुसत्या बातमीने होतो. २०२० सालची सवलत आली तेव्हा हमीभाव १,८५० रुपये होता आणि बाजारात मका त्याच्या खूप खाली विकला जात होता, तरी त्या बातमीने शेतकरी आणखी धास्तावला. सोयाबीनच्या बाबतीत तर लातूर-उदगीरकडच्या लोकांना २०२१ चे वर्ष विसरता येणार नाही. त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारांच्या पुढे गेले, कोंबड्यांना प्रथिनांसाठी घालतात ती सोयापेंड किलोला नव्वद रुपयांच्याही वर गेली आणि पोल्ट्रीवाल्यांच्या मागणीवरून केंद्राने ऑगस्टमध्ये बारा लाख टन जीएम सोयापेंड आणण्याची परवानगी दिली. पेंड जीएम सोयाबीनची असली तरी ती दळलेली आणि तेल काढलेली असल्यामुळे पेरता येत नाही, या मुद्द्यावर ती मुभा दिली गेली. परवानगीची बातमी येताच भाव उतरू लागले आणि नवीन माल मोंढ्यात येईपर्यंत सोयाबीन निम्म्याजवळ आले. ज्यांनी ऑगस्टच्या सुरुवातीला घाबरून तीन महिन्यांची पेंड भरली होती त्यांची ती पेंड ऑक्टोबरपर्यंत महागाचीच राहिली. त्याच गावांतले काही जण कोंबड्याही पाळत होते आणि सोयाबीनही पिकवत होते. त्यांना एका हाताने मिळाले ते दुसऱ्या हाताने गेले. आयातीच्या बाजूने किंवा विरोधात ठाम बोलणाऱ्यांनी मराठवाड्यातला हा गुंता ध्यानात घ्यावा, असे मला वाटते.

इथेनॉलची गोष्ट मात्र नुसती अफवा नाही. २०२३ च्या जुलैत अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठी देणे थांबले, डिसेंबरात उसाच्या रसावर बंधने आली आणि कारखाने मक्याकडे वळले. त्यानंतर मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनकडून मका आणू लागला. पुढे तांदूळ पुन्हा इथेनॉलकडे दिला गेला आणि मक्याचे उत्पादनही वाढले. म्हणजे मक्याला आता नवा, मोठा आणि सरकारी धोरणावर चालणारा गिऱ्हाईक मिळाला आहे. मका एकदम मातीमोल होण्याची शक्यता त्यामुळे पूर्वीपेक्षा कमी झाली आहे, आणि व्यापाऱ्याचे ‘थांबा’ मी याच कारणाने मानत नाही.

मग भरून ठेवावा का? वर्षभराचा नको. कारण आपल्याकडे मका वर्षातून दोनदा येतो. खरिपाचा मका सिल्लोड, कन्नड, भोकरदन, जाफराबाद भागात ऑक्टोबरपासून येऊ लागतो आणि डिसेंबरपर्यंत आवक राहते. रब्बीचा मका मार्च-एप्रिलपासून येतो, शिवाय त्याच सुमारास बिहारचा मोठा मका देशाच्या बाजारात उतरतो. तुम्हाला महिन्याला ९० ते १०० क्विंटल मका लागतो. डिसेंबरच्या शेवटी चार महिन्यांचा साठा हाताशी असला की तुम्ही पुढच्या पिकापर्यंत पोचता. त्या साठ्याचा खर्चही मोजा. हिशेबापुरता भाव २,२०० रुपये आणि व्याज वर्षाला १२ टक्के धरले तर क्विंटलमागे महिन्याला २२ रुपये व्याज होते. चौथ्या महिन्यात फोडल्या जाणाऱ्या पोत्यांवर व्याज, बारदाना, हमाली, टोके-सोंड्यांनी आणि उंदरांनी केलेली घट हे सगळे धरून क्विंटलला १३० ते १५० रुपये चढतात. तेवढी भाववाढ होणारच नसेल तर ती पोती भरण्यात कमाई नाही, फक्त खात्री आहे. कर्ज काढून भरायचे असेल तर मी चार महिन्यांऐवजी दोन महिन्यांचाच साठा सुचवेन.

माझा सल्ला असा की नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत तीन-चार हप्त्यांत खरेदी करावी. ऑक्टोबरचा मका सर्वांत स्वस्त दिसतो, पण त्यात १८ ते २२ टक्के ओल असते आणि परतीच्या पावसाने तो कणसातच भिजलेला असू शकतो. समजा १३ टक्के ओलीचा मका २,२०० रुपयांना आहे आणि १७ टक्के ओलीचा २,१०० रुपयांना. शंभर किलो ओल्या मक्यात कोरडा भाग ८३ किलो. तो १३ टक्क्यांवर वाळवला की ९५ किलो ४०० ग्रॅम भरतो. म्हणजे २,१०० हा त्याचा बरोबरीचा भाव झाला, स्वस्ताईचा नव्हे. वाळवण्याची मजुरी आणि बुरशीचा धोका वर आहेच.

ओल मोजण्याचे यंत्र नसेल तर एक जुनी रीत उपयोगी पडते. कोरडी काचेची बाटली घ्या, तिच्यात तीन भाग मका आणि एक भाग तव्यावर भाजून कोरडे केलेले मीठ घाला, झाकण लावून दोन-तीन मिनिटे हलवा आणि पंधरा मिनिटे ठेवून द्या. मीठ काचेला चिकटले तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे असे समजून तो माल साठवू नका. पोत्याच्या तोंडाजवळचा मका सगळेच बघतात. तुम्ही टोकदार नळी पोत्याच्या मध्यापर्यंत खुपसून नमुना काढा, तळहातावर पसरा आणि दाण्याच्या टोकाकडची, अंकुराची बाजू पाहा. तिथे हिरवट-निळसर झाक असेल, किंवा मूठ नाकाशी नेल्यावर कुबट वास आला, तर भाव कितीही उतरवला तरी तो माल अंड्यांच्या कोंबड्यांसाठी घेऊ नये. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष डोळ्यांना दिसत नाही आणि स्वच्छ दिसणाऱ्या मक्यातही असू शकते, म्हणून मोठ्या खरेदीआधी नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी केली तर तपासणीची सोय कुठे आहे ते कळेल. खाद्यात त्याचे प्रमाण २० पीपीबीच्या (एक अब्ज भागांत २० भाग) आत हवे. अंडी हळूहळू कमी होत आहेत, मेलेल्या कोंबडीचे यकृत पिवळट आणि ठिसूळ निघते, असे झाले की माझा पहिला संशय मक्यावर जातो. टॉक्सिन बाइंडर (विष बांधून ठेवणारी भुकटी) घातले की कसाही मका चालतो, असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही.

साठवताना पोती भिंतीला टेकवू नका आणि जमिनीवरही ठेवू नका. खाली लाकडी फळ्या हव्यात. पावसाळ्यात मका हवेतली ओल ओढून घेतो, त्यामुळे जुलै-सप्टेंबरसाठीचा साठा मे महिन्यात, कडक उन्हात वाळलेल्या रब्बी मक्याचा करावा आणि तोही दीड महिन्याच्या गरजेपेक्षा जास्त नको. धुरीच्या गोळ्या माणसाचा जीव घेऊ शकतात. त्या स्वतः वापरू नका, परवानाधारकाकडून काम करून घ्या.

घरचा मका असल्याचे तुम्ही लिहिले आहे, किती एकर ते लिहिलेले नाही. तो वापरावाच, पण वहीत त्याचा भाव त्या दिवसाच्या मोंढ्याचा धरावा, त्यातून आडत, हमाली आणि गाडीभाडे तेवढे वजा करावे. घरचा माल फुकट धरला की अंडी परवडतात असे वाटत राहते आणि शेतीचा तोटा कोंबड्यांच्या नफ्यात झाकून जातो.

आता वडिलांच्या सूचनेकडे येतो, कारण तिच्यात बाकीच्या दोघांपेक्षा जास्त दम आहे. बाजरीत मक्यापेक्षा प्रथिने जास्त असतात, १० ते १२ टक्के, आणि ऊर्जा थोडी कमी असते. मक्याच्या निम्म्यापर्यंत बाजरी घालून सूत्र बसवता येते; ऊर्जा भरून काढायला थोडे तेल किंवा तांदळाची कणी घालावी लागते आणि सोयापेंड किंचित कमी करता येते. पांढऱ्या ज्वारीत पचनाला अडथळा करणारे टॅनिन कमी असल्याने तीही चालते. मात्र आपल्याकडची रब्बी ज्वारी माणसांच्या ताटासाठी विकली जाते आणि बहुतेक वर्षी मक्यापेक्षा महाग असते, त्यामुळे ती कोंबड्यांना घालणे हिशेबात बसत नाही. स्वस्त मिळते ती पावसात सापडलेली खरिपाची काळी ज्वारी, आणि तिच्यावरची बुरशी हाच मोठा धोका आहे. बाजरी किंवा ज्वारी वाढली की अंड्याचा बलक फिका पडतो, कारण पिवळा रंग मक्यातून येतो. पोषणात त्याने फरक पडत नाही, पण गिऱ्हाईक तक्रार करते. दोन-तीन टक्के वाळवलेल्या लसूणघासाचा भुगा घातला तर रंग सुधारतो. बाजरी मक्याच्या तुलनेत कोणत्या भावाला परवडते याचा ठोकताळा मी असा ठेवतो की ती मक्याच्या ९५ टक्के भावापर्यंत असेल तर घ्यावी. तुमच्या भागात पेंड महाग असेल त्या वर्षी ही मर्यादा थोडी वर नेता येते. कणी घेणार असाल तर गिरणीची पावती असलेलीच घ्या. रेशनचा तांदूळ भरडून ‘कणी’ म्हणून विकणारे भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका, तो गुन्हा आहे.

इथेनॉलने मका नेला तरी त्याचा एक भाग परत येतो. मक्यातला पिठूळ भाग गेल्यावर उरणारा वाळवलेला चोथा, म्हणजे डीडीजीएस, आता बऱ्यापैकी मिळतो. मक्याच्या डीडीजीएसमध्ये प्रथिने २६ ते ३० टक्के आणि तांदळाच्या डीडीजीएसमध्ये ४५ टक्क्यांच्या आसपास असतात, त्यामुळे सोयापेंडीचा काही भार ते उचलते. परंतु त्यात लायसिन हा प्रथिनांतला गरजेचा घटक कमी असतो आणि डीडीजीएस वाळवताना करपले तर तो आणखी घटतो. करपलेला माल गडद तपकिरी दिसतो, तो घेऊ नये. दुसरी गोष्ट अशी की तीन किलो मक्यातून साधारण एक किलो चोथा उरतो आणि मक्यातले विष त्या एका किलोत गोळा होते. दहा पीपीबीचा मका आपण निर्धास्त वापरतो, पण त्याच मक्याचे डीडीजीएस तीस पीपीबीचे निघते. म्हणून तपासणीचा कागद असल्याशिवाय मी ते सूत्रात धरत नाही, आणि असला तरी सुरुवातीला पाच टक्क्यांच्या वर जात नाही.

सोयाबीनच्या बाबतीत आपला भाग भाग्यवान आहे. लातूर पट्ट्यातून पेंड सहज मिळते. तीही किलोच्या भावाने न मोजता प्रथिनांच्या टक्क्याने मोजावी. ४६ टक्क्यांची पेंड ४० रुपयांना असेल तर एका टक्क्याला ८७ पैसे पडतात; ४२ टक्क्यांची पेंड ३८ रुपयांना मिळाली तर ९० पैसे, म्हणजे स्वस्त दिसणारीच महाग निघाली. घरचे सोयाबीन कच्चे भरडून कोंबड्यांना घालण्याचा मोह काहींना होतो. कच्च्या सोयाबीनमधले घटक प्रथिनांचे पचन रोखतात. नीट भाजल्याशिवाय ते घालू नये, आणि घरच्या कढईतले भाजणे सारखे होत नाही.

स्वतः खाद्य तयार करावे का, हे तयार खाद्याचा भाव आणि कच्च्या मालाची बेरीज यांतल्या फरकावर अवलंबून आहे. किलोमागे दोन रुपयांचा फरक असेल तर तुमचे महिन्याला तेहतीस हजार वाचतात. त्यातून वीज, एका माणसाचा पगार, यंत्राचा हप्ता आणि तपासणीचा खर्च वजा करा. फरक एका रुपयाचाच असेल तर पाच हजार कोंबड्यांना गिरणी आणि मिक्सर परवडत नाही. अशा वेळी मधला मार्ग आहे: कंपनीचे कॉन्संट्रेट घ्यावे, त्यात प्रथिने, क्षार आणि जीवनसत्त्वे आलेली असतात, आणि मका-बाजरी व शिंपला-चुनखडी फक्त आपली घालावी. सुरुवात तुम्ही इथूनच करावी असे माझे मत आहे, कारण लेयरच्या खाद्यात किलोमागे २,६०० किलोकॅलरी ऊर्जा आणि १७ टक्क्यांच्या आसपास प्रथिने सातत्याने राखणे आणि चिमूटभर प्रीमिक्स (क्षार-जीवनसत्त्वांचे तयार मिश्रण) पाचशे किलोत सारखे मिसळणे हे पहिल्या महिन्यात जमत नाही. धान्य बदलताना जुने आणि नवे खाद्य आठवडाभर मिसळून द्या. एका दिवसात बदल केला तर कोंबड्या खाणे कमी करतात आणि अंडी लगेच घसरतात.

शेवटी एक माहिती मला हवी होती, ती तुमच्या प्रश्नात नाही: कोंबड्यांचे वय. कळप सत्तर आठवड्यांच्या पुढे गेला असेल तर त्याच्यासाठी चार महिन्यांचा मका भरण्यात अर्थ नाही, कारण दीड-दोन महिन्यांत तो विकावा लागेल आणि शेड धुऊन नवीन तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) येईपर्यंत पैसा पोत्यांत अडकून राहील. कळप तीस-पस्तीस आठवड्यांचा असेल तर वर सांगितलेली खरेदी बिनदिक्कत करा. वय आणि तुमच्याकडचा तयार खाद्याचा आजचा भाव कळवलात तर बाजरीसह एक सूत्र मांडून देतो.